सुतकाबाहेरची वही

सिंगराजा, ४ मे १९९४

ओम स्वस्त्यस्तु.
चि. सौ. नेंगास, अ. आ.

तुझं पत्र आणि मिरच्यांची पुडी एकाच दिवशी पोचली. दोन्हींत तिखट कोणतं, यावर इथे मतभेद आहेत.

गुस्तींकडच्या वयात आलेल्या सहा मुलांच्या दात कानसून सारखे करण्याच्या संस्काराची पूजेची ताटं तुझ्याचकडे आली, हे वाचून आनंद झाला आणि धास्तीही वाटली. मागच्या वर्षी त्यांच्याच अंगणात, तू तापानं फणफणलेली असताना एक ताट कमी पडलं. पुरोहितांनी मंत्र अर्ध्यावर थांबवून भर सभेत विचारलं, उरलेलं कुठे आहे म्हणून. ते तू विसरली नाहीस आणि गाव तर अशा गोष्टी जपूनच ठेवतं. आता गुस्तीबाईंनी बजावलंय म्हणतेस, की या खेपेला चुकलीस तर तुला कुणी काम देणार नाही. मुहूर्त आठ जुलैचा. तो पुरोहितांनी काढलेला, म्हणजे तुझ्यासाठी हलणार नाही.

तुझ्या धंद्यात कर्ता तू, कर्म तू, करणही तूच. असं वाक्य माझ्या वर्गात चालून जाईल. धंदा चालत नाही. उद्या सकाळी तू उठलीच नाहीस (रागावू नकोस, पंतोजींना असलीच उदाहरणं सुचतात), तर कोणत्या ताटात काय, हे कुणाला ठाऊक आहे? देवांना असेल. पण देव झावळ्या विणायला बसत नाहीत. तेव्हा बावीस वर्षं डोक्यात ठेवलेलं सगळं कागदावर उतरव, आणि काय काय आडवं येऊ शकतं त्याची यादी कर.

लोभ आहेच. तो पातळ होऊ नये म्हणून अधूनमधून मिरच्या पाठवत जा.
ओम शांती.
तुझा दादा, गेदे विराजा


तेगलसारी, २३ मे १९९४

ओम स्वस्त्यस्तु.
ती. दादास, सा. न.

तू सांगितलंस आणि मी बसले. एकसष्ट ताटं, प्रत्येकाचं चित्र, पानाच्या घड्या, कुठे केळं आणि कुठे ऊस, सगळं वहीत उतरवलं. हाताला जे न विचारता येतं ते शब्दांत सांगताना घाम फुटला. तू हेच काम पंख्याखाली बसून करतोस आणि वर दमल्याचं सांगतोस.

यादीही केली. झावळ्यांची गाडी आली नाही तर? दोन बागांना सांगून ठेवलंय. पाऊस लागला तर? पिठाची रंगीत फुलं आत्ताच तळून अकरा डबे माळ्यावर ठेवलेत. मला ताप आला तर? समोरच्या सोप्यातली जाऊ सुकर्ती वहीवरून सगळं करील. आठवडाभर तिला शिकवलं. ती विचारत होती, तुमच्या जागी बसायचं तर तुमचा जरीचा पट्टाही मिळेल ना.

आता काढ खोट. काढल्याशिवाय तुला भात गोड लागायचा नाही.
आहे तो लोभ उन्हात ठेवू नये.
तुझी नेंगा


सिंगराजा, १ जून १९९४

ओम स्वस्त्यस्तु.
चि. सौ. नेंगास, अ. आ.

यादी उत्तम. खोट एकच आहे, पण ती अंगणाच्या मधोमध खाटेवर बसून सुपारी कुटते आहे.

तुझ्या आजेसासूबाई त्र्याण्णव वर्षांच्या. त्यांना आणखी दहा वर्षं मिळोत. पण मिळाली नाहीत, तर सुतक तुला येईल आणि त्याच क्षणी सुकर्तीलाही. बारा दिवस दोघींनी पूजेच्या पानाला हात लावायचा नाही. म्हणजे तू आपल्या जागी नेमकी अशी बाई बसवलीस, जी तुझ्याबरोबरच उठणार. तुझ्या जागी अशी कुणी हवी, जिच्याशी तुझं रक्ताचं, लग्नाचं, अंगणाचं कसलंच नातं नाही. आणि जमलं तर प्रेमही नाही.

अशी गावात एकच आहे, ताटांच्याच धंद्यातली तुझी प्रतिस्पर्धी. रस्मिनी. तू पिठाच्या रंगीत फुलांनी मढवलेल्या देव्हाऱ्याला तिनं रंगवलेली म्हैस म्हटलं होतं, हे माझ्या लक्षात आहे. मी डोंगराच्या या बाजूला राहतो, म्हणून हे लिहायचं धाडस होतंय.

राग ओसरला की लोभ पूर्ववत करावा.
ओम शांती.
दादा


तेगलसारी, १४ जून १९९४

ओम स्वस्त्यस्तु.
ती. दादास, सा. न.

तीन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. चौथ्या दिवशी रस्मिनीकडे गेले.

तिनं मला पायरीवर उभं ठेवलं. म्हणाली, वहीत बघून ताटं लावायची म्हणजे पत्ता विचारत देवळात जाण्यातला प्रकार. आपल्याला असलं काही लागत नाही. मी वही पुढे केली. पाचव्या पानापाशी तिचं बोलणं थांबलं. विसाव्या पानावर तिनं मला चटई दिली. शेवटी ठरलं ते असं: माझ्याकडे सुतक, तर ती करील, तिच्याकडे सुतक, तर मी. माझ्या अक्षराला नावं ठेवायचा हक्क तिनं वेगळा मागून घेतला.

आणि दादा, तुझ्या शास्त्रातून एक गोष्ट निसटली. माणसाला सुतक, तसं घरातल्या वस्तूंनाही. माळ्यावरचे अकरा डबे ऐन वेळी काय कामाचे? ते परवाच रस्मिनीच्या माळ्यावर गेले. वहीची दुसरी प्रतही तिथेच. हे मला एकटीला सुचलं. वर्गात सांगितलंस तरी चालेल.

लोभ ठेव, आणि या खेपेला जरा मानही.
नेंगा


तेगलसारी, ९ जुलै १९९४

ओम स्वस्त्यस्तु.
ती. दादास, सा. न.

तार मिळाली असेलच. सोमवारी दुपारी आजेसासूबाई भात खाऊन आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. चेहरा अगदी शांत होता. मी त्यांचे पाय धरून रडले, आणि रडतानाच सुकर्तीनं माझ्याकडे पाहिलं. मुहूर्ताला चार दिवस होते. मी शेजारच्या मुलाला रस्मिनीकडे पाठवलं. तो परत आला आणि म्हणाला, ती मला बघताच उठली, निरोपही पुरता ऐकला नाही.

काल मला गुस्तींच्या दारात पाऊल टाकायची सोय नव्हती. सकाळपासून रस्त्याच्या पलीकडे भिंतीपाशी उभी राहिले. आतलं दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. पुरोहितांची घंटा सुरू झाली. मागच्या वर्षी जिथे मंत्र थांबला होता ती जागा मला पाठ आहे. ती जागा आली. मी डोळे मिटले. मंत्र पुढे गेला, दादा. एकसष्टच्या एकसष्ट ताटं उचलली गेली. सहाही मुलं हसत, कानसलेले दात दाखवत बाहेर आली.

मागून गुस्तीबाई आल्या आणि दारातच रस्मिनीला म्हणाल्या, यापुढे आमच्या घरचं सगळं काम तुमच्याकडे. एवढं करून शेवटी मीच बाहेर.

रस्मिनी गाव ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "हात माझे होते, बाई. ताटं त्या पलीकडे उभ्या असलेल्या बाईची. मी नुसतं वाचून लावलं."

गुस्तीबाई अर्धा रस्ता ओलांडून आल्या आणि सुतकाला शोभेल एवढ्या अंतरावर थांबल्या. "डिसेंबरात थोरलीचं लग्न आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही असा, नसा, काम तुमच्याकडे."

बावीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

लोक पांगल्यावर रस्मिनी रस्त्याच्या त्या कडेला येऊन उभी राहिली. म्हणाली, बेचाळिसावं पान कोंबडीनं लिहिलंय का. मग पदराखालून एक वही काढली. माझी नव्हे, तिची. महिनाभर चोरून लिहिलेली, पानन् पान भरलेली. म्हणाली, माझ्याकडे दोन म्हाताऱ्या आहेत, दोन्ही नव्वदीच्या. तू आपली तयारीत राहा.

ती वही मला शिवायची नाही, सोळा तारखेपर्यंत तरी. म्हणून तिनं ती पलीकडूनच उघडून धरली आणि मी इकडून वाचत गेले. पान संपलं की मी हात वर करत होते, ती उलटत होती. आज सकाळीही आली होती. बारा पानं झाली.

लोभात आता एक वाटेकरीण वाढली आहे. तिलाही तुझे आशीर्वाद असावेत.
ओम शांती.
तुझी नेंगा