हाताची उजळणी

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोरमनसाहेबांनी तुला गेटवर बसून नोंदी करायचं काम देऊ केलं आणि तू ते त्यांच्या तोंडावर नाकारलंस, हे वाचून मी कपाळाला हात लावला. कटिंग मशीनखाली तुझा उजवा हात गेला त्याला सात महिने झाले. वीस वर्षं पुस्तकं बांधलीस, आता जरा बसून खा. तो हात विसर, ताई. युनियनच्या सभेत टेबलावर आपटायला डावा आहेच. हिचंही हेच म्हणणं.

रागव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

विसर म्हणतोस? अरे, हा नवा यंत्राचा हात चालतो तोच मुळी जुन्याच्या आठवणीवर! नसलेली मूठ मी मनात आवळते, कोपराखालचे स्नायू आकसतात आणि सॉकेटमधल्या, म्हणजे हात जिथे चढवतात त्या खोबणीतल्या, धातूच्या चकत्या ते टिपतात. मूठ, चिमूट, मनगट फिरवणं, प्रत्येकाची ठेवण वेगळी. ती यंत्राच्या ओळखीची झाली की ते बोटं तशी हलवतं. म्हणजे मास्तरीण मी, विद्यार्थी तो.

आणि सांगायला लाज वाटते, मास्तरीणच चुकली. इथल्या थेरपिस्ट, ज्यांना आम्ही हातबाई म्हणतो, पहिल्या दिवसापासून बजावत होत्या की जोर नको, दर वेळी सारखं आणि हलकं करा. माझी मूठ कसली हलकी! घोषणा दिल्यासारखी आवळली. टेबलावर कोपर टेकून सरावाच्या संगणकाच्या पडद्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवले. मग उभी राहून वरच्या फळीवरचा गठ्ठा उचलला, तर हात आपोआप उघडला आणि सगळं जमिनीवर. हातबाई एवढंच म्हणाल्या की टेबलावर शिकलेलं टेबलावरच येतं. यंत्राला शिकवलेलं सगळं पुसलं. आता उभ्याने, हात वर नेऊन, दमल्यावरसुद्धा तीच हलकी मूठ घोटते आहे.

फोरमनकडून मी परीक्षा मागून घेतली आहे. अठ्ठावीस तारखेला, पाळीच्या शेवटी, दहा पुस्तकं बांधून दाखवायची, जमलं तर माझं जुनं काम परत. सकाळी ताजंतवानं असताना कोणीही बांधील. नापास झाले तर गेटवर बसेन आणि एक अक्षर बोलणार नाही. यातलं दुसरं जास्त कठीण.

सर्वांना आशीर्वाद.

तुझी,
ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गप्प बसणार, या कल्पनेनेच घरात सगळे धास्तावलेत. पण थट्टा पुरे. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. घाम आला, थकवा आला की त्या चकत्यांची ओळख चुकते म्हणे. मग पाळीच्या शेवटी कशाला? सकाळची वेळ माग. हट्टापायी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस.

काळजीने लिहितो, तेवढं समजून घे.

तुझा,
धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे डॉक्टर बरोबर निघाले. सात पुस्तकं झाली. आठव्याला चिमटीत दोरा धरायला गेले, तर हाताने सबंध मूठ मिटली आणि पानांचा कोपरा चुरगळला. फोरमनने वही बंद केली.

मी त्यांना थांबायला सांगितलं. सॉकेट काढून घाम पुसला, पुन्हा चढवलं, शिकवणीचं बटण दाबलं आणि वीस माणसांसमोर हाताला पहिल्यापासून शिकवायला लागले. मूठ. उघड. चिमूट. मनगट आत, बाहेर. दोन मिनिटं जोर नाही, शब्द नाही. आयुष्यात इतकं अवघड भाषण मी केलं नव्हतं.

फोरमन म्हणाले, भर कामात ज्याला शिकवावं लागतं त्या हाताचा काय भरवसा. तेव्हा मात्र मी बोलले. विचारलं, की कटिंग मशीनचं पातं आठवड्यातून दोनदा उतरवून धारेला धाडता, त्याला कधी गेटवर बसवलंत का? मशीनवाला आधी हसला, मग सगळेच. मी हसले नाही. आठवं उसवून पुन्हा शिवलं, नववं केलं, दहावं केलं.

फोरमनने दहाही पुस्तकांचे कणे अंगठ्याने दाबून पाहिले. मग दरडावून म्हणाले, सोमवारी आठला हजर व्हा, एक मिनिट उशीर झाला तर खाडा लावीन.

सात महिने सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते रे. असं कोणी दरडावलंच नव्हतं. मी साडेसातलाच जाणार आहे.

माया आहे ती अशीच भांडत भांडत राहू दे.

तुझी,
ताई