हौसाचं नाक

मिरजोळे, १२ एप्रिल २०२५

चि. बाळास, ताईचे अनेक आशीर्वाद.

दोन्ही हात कोपरापर्यंत पेंढ्यात होते, तेव्हा ध्यानात आलं की वास येत नाहीये. खोलीभर हापूस पिकत घातलेला, मी अढीचा वरचा थर उलगडत होते, आणि नाकाला काहीच नाही. आधी वाटलं, आंबेच कच्चे असतील. एक वर काढला तर पिवळाजर्द. शिमग्यातल्या तापाने नाक नेलं. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणारही नाही.

तुला ठाऊकच आहे, अढीत एखादं फळ कुजायला लागलं की डोळ्याला दिसायच्या आधी ते नाकाला कळतं. वेळेत काढलं नाही तर शेजारच्यांना घेऊन जातं. एवढी वर्षं ही खोली माझ्याकडे राहिली ती नाकामुळे. बागेचा मालक हर्षद, त्याला अजून बोलले नाही. बोलले तर खोली जाईल. हे फोनवर सांगायचं तर शेजारपाजार ऐकेल आणि तूच तेवढा ऐकणार नाहीस. म्हणून पत्र.

तब्येतीला जप. माया आहे तशी ठेव.

तुझी,
दमाताई


केळशी, १९ एप्रिल

ती. ताईस, बाळाचा साष्टांग नमस्कार.

आधी हे सांग, बांगडा तळताना काय होतं? नुसता आवाज? चहा कसा लागतो? जहाजाच्या इंजिनाने माझे कान नेले तेव्हा सगळे हळहळले, पण आता जग कसं आहे रे, असं कुणी विचारलं नाही. म्हणून मी विचारतो. मला कितीतरी दिवस लाटा आवाज न करता फुटताना बघायचीच गंमत वाटायची.

इंजिनाची कुरकुर ऐकू येईना तेव्हा मी त्याला तळहात लावून बघायचो. पुष्कळ कळतं. सगळं कळत नाही. तुझी बोटं काय सांगतात ते बघ आणि लिही.

हर्षदला मात्र सांगून टाक. नाहीतर तुझ्याबरोबर पेट्या भरणारी हौसा सांगेल. तिचं नाक तुझ्याहून तिखट, निदान लोकांच्या भानगडींत तरी.

रागावू नकोस. लहान भावावर लोभ राहू दे.

बाळा


मिरजोळे, २६ एप्रिल

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

बांगड्याचा नुसता आवाज, आणि घशात धूर. चहा म्हणजे गरम गोड पाणी. अबोलीला पूर्वीही वास नव्हता, तेव्हा ती तेवढी होती तशीच आहे.

बोटांनी करून पाहिलं. पिकलेला कळतो, दबलेला कळतो. आतून बिघडायला लागलेला कळेलच असं नाही.

हर्षदला सांगितलं. तो हसला. म्हणाला, काकी, कुणाला बोलू नकोस, तू खोलीत नुसती बस. तुझ्या हाताखालून गेला म्हटलं की गिऱ्हाईक डोळे मिटून घेतं. एखादा वाईट निघाला तर गाडीत तापला म्हणू.

खोली राहिली होती, बाळा. मी परत आत गेले, पण पेंढ्यात हात घालवेना. जो आंबा मला कळत नाही तो चांगला म्हणून पेटीत कसा ठेवू?

मग हौसाकडे गेले. तिने पोटभर तोंडसुख घेतलं. म्हणाली, इतकी वर्षं मला दारातूनच हाकललंस, आणि आता नाक उसनं मागायला आलीस काय गो! मी म्हटलं, उसनं नको, तूच आत ये. खोली तू बघ, मी पेंढा झाडून देईन. तशी तिने हळूच विचारलं, आधी कुठून हुंगायचं, मधून की कडेने?

हर्षद तोंड पाडून आहे. असू दे. उत्तर धाड, आणि असेच प्रश्न विचारत जा. दुसरं कुणी विचारत नाही.

तुझी,
दमाताई

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी हौसाने वरच्या थरातून हुंगून एक आंबा काढला. तिच्याआधी मी तो हाताळून चांगला म्हणून ठेवला होता. कापला, तर देठाशी काळा निघाला. मी पेंढा झाडून तिच्या हाताशी दिला, आणि तिने पुढचा थर उलगडला.