आभारात नाव घालण्याबाबत

प्रिय बाबा,

आधी घाबरू नका, घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा होता तसाच आहे आणि ती तो होता तसाच वापरते आहे. पत्र कामासाठी लिहिते आहे. विषय न लिहिलेलं पत्र तुम्ही न वाचता बाजूला ठेवायचात, म्हणून विषय आधी घालते: संशोधन-लेखाच्या आभारात आपले नाव घालण्यास परवानगी मिळणेबाबत.

झालंय असं, की आपला तळ्यांवरच्या चतुर कीटकांवरचा लेख जर्नलनं थोड्या दुरुस्त्या सुचवून परत पाठवलाय. दुरुस्त्या करून शुक्रवारपर्यंत पाठवला की छापतील असं दिसतंय. पाठवताना कॉम्प्युटरवर बरेच प्रश्न येतात. चित्रं स्पष्ट आहेत का, संदर्भ त्यांच्या पद्धतीनं लिहिलेत का, वगैरे. त्यातच एक प्रश्न आहे: आभारात ज्यांची नावं घातली आहेत त्या सर्वांची परवानगी घेतली आहे का? त्या चौकोनात खूण केल्याशिवाय लेख पुढे सरकत नाही. आणि मी दोन दिवस त्या चौकोनापाशी अडून बसलेय.

जसप्रीतला हसू येतंय. माझ्याबरोबर अरवलीतल्या खाणींच्या तळ्यांवर उन्हातान्हात हिंडलेली ही माझी सहलेखिका, तुमच्या हातच्या आल्याच्या चहासाठी आपल्याकडे यायची ती. ती म्हणाली, "यार, जो नहीं रहे उनसे कौन परमिशन लेता है? टिक कर और भेज." तिचं चुकत नाही. पण तिला कुठे माहीत, की तुम्ही होतात तेव्हाच स्पष्ट नाही म्हणून ठेवलंय!

आठवतंय ना, आपलं ते लेखांचं वाचन कसं सुरू झालं? माझा पहिलावहिला लेख तयार झाला होता आणि मी तो दहा वेळा डोळ्यांखालून घालून तुम्हाला दाखवायला आणला. तुम्ही म्हणालात, डोळ्यांनी वाचलेलं वाचणं नव्हे. साताऱ्याहून इकडे उत्तरेत येऊन केंद्र सरकारच्या मंत्रालयात टायपिंग सेक्शनला लागलात तेव्हा तुम्हाला पहिली शिस्त हीच लावली होती. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, अगदी स्वल्पविराम आणि कंसासकट, आणि दुसऱ्यानं टाइप केलेल्या प्रतीवर पट्टी सरकवत जायचं. 'कम्पेअर करणं' म्हणायचात तुम्ही त्याला.

मग काय, हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी गॅलरीत ऊन आलं की बसायला वेताचे दोन मुढे मांडले जायचे. मध्ये शेंगांची पाटी. तुमच्या हातातली प्रत तुम्ही स्वतः भोकं पाडून, टॅग ओवून फाइलीसारखी बांधलेली. त्या भोकं पाडायच्या हत्याराला मी सूआ म्हणायचे आणि तुम्ही दर वेळी कपाळाला हात लावून 'दाभण, दाभण' म्हणायचात. नाही बसला तो शब्द माझ्या तोंडी. आजही सूआच म्हणते.

आणि तुमचा तो खणखणीत आवाज! "तिरपं सुरू. कॅपिटल पी. पँटाला फ्लॅवेसेन्स. तिरपं संपलं. कॉमा." प्राण्यांची शास्त्रीय नावं तिरप्या अक्षरांत का लिहितात, हे मी तुम्हाला दोनदा समजावलं होतं. तुम्हाला ते पटलं नाही, पण नियम आहे म्हटल्यावर मात्र एकही नाव तुम्ही सरळ उभं राहू दिलं नाहीत. खालच्या मजल्यावरच्या चड्ढाजींनी आईला विचारलं होतं, भाईसाहब दर रविवारी सकाळी कसला पाठ करतात म्हणून. आई म्हणाली, मुलीचा.

संपादकाला लिहायचं पत्र एकदा मी तुमच्यावर सोपवलं, ती माझी हौस. इतकं सुंदर इंग्रजी, आणि शेवटी तुमच्या सवयीनं 'सबमिटेड फॉर काइंड ऑर्डर्स प्लीज'! मी न वाचताच पाठवून दिलं. त्या भल्या गृहस्थाचं उत्तर आलं, की आदेश देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही, पण लेख परीक्षकांकडे धाडतो आहे. तुम्हाला त्यात विनोदी काही दिसलंच नाही. अधिकार कुणाकडे आहे ते त्यानं कळवायला हवं होतं, एवढंच तुमचं म्हणणं.

फोटो आले की तुमची खरी चौकशी सुरू व्हायची. हा बुवा कशावरून? ही बाई कशावरून? लाल तो नर, पिवळसर ती मादी, असं सांगितलं की विचारायचात, सगळ्याच जातींत का याच एका? बाबा, विद्यापीठात माझी तोंडी परीक्षा झाली ती याच्यापुढे काहीच नव्हती.

इतकं सगळं करून आभारात मात्र नाव नको. दर लेखाला मी विचारायचे आणि दर लेखाला तुमचं उत्तर ठरलेलं. "कम्पेअर करणाऱ्याचं नाव नसतं, नीलू. डाव्या कोपऱ्यात बारीक इनिशियल्स असतात, बस. नाव त्याचं घालायचं, ज्याला उद्या जाब विचारतील. मी चतुरांबद्दल काय जाब देणार?" आणि छापील प्रतीच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, पेन्सिलीनं तुमची ती दोन अक्षरं. ती प्रत घरीच राहायची. जर्नलला ती अक्षरं कधी दिसली नाहीत आणि मला त्याचा फार राग यायचा. अजूनही येतो!

आणि या वेळी तर तुम्ही कमालच केलीत. अर्धा लेख वाचून झाला होता. पुढच्या रविवारी निरीक्षणांपासून पुढे, असं ठरलं होतं. मग दवाखाना, आणि मग... बाबा, अर्धं वाचून कुणी उठतं का? तुम्ही तर बिल्कुल नाही. सरकारी फाइलसुद्धा तुम्ही अर्धी सोडली नसेल कधी. तुम्ही गेल्यावर मी उरलेल्या भागाचा कच्चा खर्डा कसाबसा पक्का केला, चित्रांखालच्या ओळी लिहिल्या आणि डोळ्यांनी वाचून पाठवून दिला. व्हायचं तेच झालं. परीक्षकानं अगदी सभ्यपणे विचारलंय, की लाल चतुराखाली 'मादी' असं लिहिण्यामागे काही विशेष कारण आहे का? दोन फोटोंखालच्या ओळींची अदलाबदल झाली होती. वाचून मी आधी हसले आणि मग गॅलरीत जाऊन चांगली रडले.

रडताना आईनं पाहिलं. रविवारी सकाळी बघते तर मुढे मांडलेले, आणि तुमचा चष्मा लावून आई बसलेली. तिला त्यातून काही दिसत नव्हतं, तो बदलून तिचा आणून दिला. दुसरा अर्धा लेख तिनं वाचला. कसा वाचला म्हणून सांगू! कॉमा तिला अनावश्यक वाटतात, ते ती गाळते. तिरपं सुरू केलं की संपवायला विसरते, त्यामुळे अर्धं पान तिरपं. मध्येच थांबून म्हणते, "अच्छा, म्हणजे अंडी घालताना नर वर पहारा देतो? बरा आहे की." पण तीन चुका सापडल्या तिला. तेव्हा आभारात तिचंही नाव घालते आहे. तिची परवानगी मी मागायच्या आधीच आली. स्पेलिंग नीट घाल म्हणाली.

तुमच्या नावाचं काय करायचं ते मात्र सुटेना. इच्छेविरुद्ध घालायचं नव्हतं, आणि न घालता लेख पाठवायचा म्हणजे हात धजत नव्हता. हा शेवटचा आहे ना, तुमच्या आवाजातला. यानंतरच्या कुठल्याच लेखावर तुमचा हक्क सांगता येणार नाही मला.

परवा संध्याकाळी जिन्यात चड्ढाजी भेटले. सोसायटीच्या बागेतल्या हौदावर लाल चतुर आलेत, असं सांगत होते. मग आपणहून म्हणाले, "आपके पिताजी ने समझाया था. अंडे वहीं देते हैं जहाँ किनारे की घास बची हो. फिर बोले, पर पक्का मत मानिए चड्ढाजी, हमने एक ही इलाक़ा देखा है."

मी पिशव्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाबा, किनाऱ्याच्या गवताचं ते वाक्य लेखाच्या शेवटी शेवटी आहे. आणि एकच भाग पाहिलाय, तेव्हा जपून बोलावं, हे तर निष्कर्षात. आपलं वाचन तिथवर पोचलंच नव्हतं. म्हणजे पुढचा कच्चा खर्डा तुम्ही एकट्यानं वाचून ठेवला होतात. रविवारची वाट न बघता! तरी मी म्हणते, तुम्ही आणि अर्धं सोडाल? चित्रांखालच्या ओळी तेव्हा लिहून झाल्या असत्या, तर तो लाल बुवा बाई झालाच नसता.

आणि 'हमने' म्हणालात. हमने एक ही इलाक़ा देखा है. मला आतापर्यंत कुठल्या लेखाचं इतकं कौतुक झालेलं आठवत नाही.

तर आता माझं म्हणणं ऐका, तुमच्याच पद्धतीनं मांडते. तुमची हरकत होती ती जाबाची. चड्ढाजींनी प्रश्न विचारला, तुम्ही उत्तर दिलंत, आणि जितकं ठाऊक आहे तितकंच दिलंत. माझ्या विद्यार्थ्यांना हे शिकवताना माझा जीव जातो. जाब देऊन झाला आहे, साक्षीदार खालच्या मजल्यावर हजर आहे. मग हरकत उरते कुठे?

आणि उरत असेल तर तुमचाच नियम लावते. सोसायटीचे सेक्रेटरी असताना तुम्ही जिन्यात नोटीस लावायचात, अमुक दिवसापर्यंत हरकत न आल्यास मंजूर समजण्यात येईल. त्या नियमानं आपला जिना पिस्ता रंगाचा झाला, कारण हरकत घ्यायची सगळ्यांना इच्छा होती आणि वेळेत कुणालाच आठवलं नाही. मी पीएचडी करावी हेही असंच मंजूर झालं होतं ना? रविवारपर्यंत आईची हरकत आली नाही. ती अजून म्हणते, मला नोटीस मिळालीच नव्हती.

म्हणून ही नोटीस तुम्हाला. मी कबूल करते, की शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत तो चौकोन रिकामा ठेवीन. तोवर सगळा लेख, चित्रांखालच्या ओळींसकट, पुन्हा एकदा मोठ्यानं वाचीन, कॉमा, कंस, तिरपं, एकही न गाळता. आणि यापुढे समोरच्या मुढ्यावर कुणी असो वा नसो, न वाचता एकही लेख घराबाहेर पाठवणार नाही. छापील प्रत टॅग लावून ठेवली आहे. खाली डाव्या कोपऱ्यात जागा सोडली आहे.

पाचपर्यंत हरकत आली नाही, तर मंजूर समजून खूण करते.

पण बाबा, या एकाच वेळी हरकत घ्या ना.

आज्ञाधारक कधीच नव्हते, पण तुमचीच,
नीलू