सारवणावरचे बूट

रविवार, संध्याकाळ. पिंपळगाव रेणुकाई

आज जिंकले, तरी मनाला लागून राह्यलंय.

फौजेतून रिटायर झाल्यावर यांनी गावच्या टेकडीवर गोल्फचे होल खणले. कुणीही यावं, खेळावं. तिथं हिरवळ कुठून आणायची? मंग मीच प्रत्येक होलाभोवती खळ्यासारखं शेणानं सारवलं. सारवणावर अनवाणीच जायचं, हा माझा नियम.

आज यांचे पलटणीतले एक दोस्त माझ्यासंगं खेळायला आल्ते. खिळ्यांचे बूट घालून थेट सारवणावर!

"भाऊजी, बूट काढा."

"वहिनी, गोल्फ असाच खेळतात."

शेवटच्या होलला भाऊजी अन् मी बराबर होतो. माझा चेंडू आत गेला. त्यांचा हातभर अलीकडं अडकला, त्यांच्याच बुटानं उकरलेल्या खळग्यात.

खळगा नसता तर? तरी गेला नसता. तिथं उतार डावीकडं हाय, माझ्या तळव्यांना ठाऊक हाय. बुटाला काय कळतंय? पण हे मानणार कोण?

भाऊजी मुक्कामाला हायेत. सकाळी जल्दी उठून सारवते. वाळलं की परत खेळू, म्हणलं.

ते हसले. "अनवाणी?"

बिलकुल. हरल्यावर बुटाचं नाव निघायला नको.