कोबीराजाला अर्ज

ब्रेमेन, १४ जानेवारी

ती. एनोमामांना हाउकेचा वाकून नमस्कार,

मंगळवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता मी एका बर्गरचा पहिला घास घेतला आणि माझं आयुष्य बदललं. पण आधी तुमचं क्षेमकुशल विचारायला हवं, नाहीतर कॉलेज सोडलं तसं वळणही सोडलं म्हणाल. गुडघा कसा आहे? दुकानात सॉसेजला रांग लागतेय ना? (दुकानाचा विषय पुढे येणार आहे. हातात सुरा असेल तर खाली ठेवून वाचा.)

आमच्या कोपऱ्यावर ‘खुशाल डुक्कर’ नावाचं हॉटेल आहे. नावावर जाऊ नका. तिथलं डुक्कर खुशाल आहे, कारण ते तिथे नाही. मांस नाही, अंडं नाही, दुधाचा थेंब नाही. तिथे ऑर्डर घेते ती फेन्या. तिच्याबद्दल मी एकच वाक्य लिहिणार होतो, त्याची चार पानं झाली, म्हणून ती वेगळी ठेवली आहेत. तिच्यापायी पाच आठवडे मी रोज बिटाचे नाहीतर राजम्याचे बर्गर गिळतो आहे. खाटकाचा भाचा असल्याचं अर्थातच बोललो नव्हतो. एवढ्या दिवसांत ती माझ्याशी ‘सॉस कुठला?’ याच्यापलीकडे गेली नव्हती. मंगळवारी मात्र आपणहून म्हणाली, “आज नवीन आलाय. खाऊन खरं काय ते सांग.”

मी खाल्लं. आधी धूर, मग ओटचा भरडा, मिरे, लवंग, आणि सगळ्यांच्या मागून हळूच येणारा मरवा. मामा, ते तुमचं पिंकेल होतं. जन्मापासून दर हिवाळ्यात कोबीबरोबर जे सॉसेज खात आलो, ते मी झोपेतही ओळखीन. म्हणजे कोणीतरी माझ्या फेन्याला फसवत होतं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे (याच स्वभावाने प्राध्यापकांना वर्गातून बाहेर जायला सांगितलं होतं, शेवटी गेलो मी). बाकावर चढलो आणि वीस माणसांना ऐकू जाईल असं म्हणालो, “खाणं थांबवा. यात डुक्कर आहे. मी खाटकाचा भाचा आहे, मला कळतं.” अकरा वर्षं मांसाला न शिवलेली एक बाई रडायला लागली. एक टकले गृहस्थ आपला बर्गर उघडून असे बघत होते, जणू आत ओळखीचं कोणी निघेल. फेन्याने हातातला ट्रे खाली ठेवला.

मालकीण गेझीनेबाई आतून आल्या. “आधी खाली उतर. बुटांसकट चढलायस.” मला बाहीला धरून स्वयंपाकघरात नेलं. कढईत ओट, कांदा, खोबरेल आणि धुरावलेलं मीठ. डुकराचा मागमूस नाही. शहाण्या माणसाने इथे माफी मागितली असती. मी म्हटलं, “मग ही चव माझ्या मामांकडून चोरलीत.”

“कोण रे तुझा मामा?”

“एनो. सॉसेजवाले.”

त्यांनी गॅस बंद केला. “शिट्टी वाजवत कांदा चिरणारा एनो? त्या गाढवाला हा मसाला माझ्या आईने शिकवला. जावई होणार म्हणून. मसाला घेऊन गेला, मला न्यायचं विसरला.”

(मामा, मसाला आजोबांनी मरताना कानात सांगितला, ही गोष्ट आम्ही दर नाताळात तुमच्या तोंडून रडत ऐकतो. मी काही विचारत नाही.)

बाहेर आलो तर हॉटेल रिकामं. फेन्या खुर्च्या सरळ करत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “माफी नकोय. वीस माणसं उठवलीस ना? वीस आणून बसव. तोवर दारात दिसू नकोस.”

बाकी इकडे सर्व ठीक. प्रकृतीला जपा.

तुमचा,
हाउके

ता.क. गेल्या वर्षीच्या कोबीच्या सहलीत सगळ्यांत जास्त खाऊन तुम्ही कोबीराजा झालात. यंदाची सहल राजाने ठरवायची, आणि राजा नेईल तिथे बाटल्यांची हातगाडी ओढत बावीस माणसांनी निमूट चालत जाऊन जेवायचं. तुमच्या मनात काय आलं ते मला कळलं. होय, तिथेच. कोबी त्यांच्याकडेही आहे.

ता.क. २. खिशात सॉसेज आणू नका. दारात खिसे तपासणार आहेत. ‘एनोचे मी स्वतः तपासीन,’ असं गेझीनेबाई म्हणाल्या. तुम्ही अजून एकटेच आहात का, हेही विचारलं. मी हो म्हटलं.

ता.क. ३. वर विनंती केल्यासारखं लिहिलंय खरं, पण मामा तयार आहेत असं मी कालच फेन्याला खिडकीबाहेरून ओरडून सांगितलं. ती हसली, मामा. मग म्हणाली, “लेखी आण.” आता हे पत्र तुमच्यापर्यंत जाऊन उत्तर येईस्तोवर ती हसायची थांबेल, म्हणून तुमचं संमतिपत्र मीच लिहिलं. अक्षर तुमच्यासारखं यावं म्हणून डाव्या हाताने. शेवटी गेझीनेबाईंची एका ओळीत क्षमाही मागितली आहे. ती तुमच्याकडून फार वर्षांपासून येणं होती आणि तुम्ही छान मागितली आहे. दोन्ही पत्रं घेऊन निघालो. हे जिन्यात उभ्याने लिहितोय. खोलीचं दार ओढून घेतलं आणि किल्ली आत राहिली.