सरसाचं माप

गुरुजी, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी रडलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. नाटकाचे पडदे रंगवायला मी तुमच्याकडे शिकलो, पण तुम्ही शिकवलं कमी आणि पाणउतारा जास्त केलात. तुमच्या जंगलाच्या पडद्यावर मी एकदा कोपऱ्यात हरीण काढलं. येणारा-जाणारा त्याच्यापाशीच थबकू लागला. दुसऱ्या दिवशी येतो तर हरणाच्या जागी पळसाचं झाड! ब्रश धूत तुम्ही म्हणालात, "बकरी दिसून राहिली होती." त्या झाडाचा मला अजून राग येतो.

म्हणून तुम्हाला सोडलं. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या गावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, दोन मंडपांत दोन नाटकं लागायची आणि लोक पडद्यांचीही तुलना करायचे. त्या वर्षी एका मंडपात तुमचा पडदा, दुसऱ्यात माझा पहिलाच, राजवाड्याचा. रंग कापडाला चिकटून राहावा म्हणून मी चुलीवर सरस तापवून त्यात भुकटी कालवतो आहे आणि तुम्ही दारात उभे. न विचारता भांड्यात दोन बोटं बुडवता, चिकटपणा पाहायला ती जुळवून सोडवता. "सरस लय झाला बे. पडदा गुंडाळला का रंग फुटन. पानी टाक."

मला वाटलं, म्हातारा जळतो. पाणी घातलं की रंग टिकणार नाही, माझी फजिती होईल, हेच याला हवंय. "तुमी तुमचा पडदा पाहा," म्हणालो, आणि तुमची पाठ वळताच सरसाची आणखी एक वडी टाकली.

राजवाडा झकास उतरला. पहिल्या अंकानंतर पडदा गुंडाळून वर गेला आणि पुन्हा खाली आला तेव्हा घुमटाचे पोपडे राजाच्या मुकुटावर पडू लागले. लोक पोट धरून हसले. मी कनातीमागे उभा राहून तुम्हाला शिव्या घातल्या.

मग सांगत सुटलो की गुरुजींनी मुद्दाम चुकीचं माप सांगितलं. तुमचा खुनशी स्वभाव सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. पुढच्या मंडईला दोन्ही पडदे माझे होते आणि तुम्ही लोकांच्या भिंतींना चुना मारत होता. एकदा तरी येऊन मला चारचौघांत खोटं पाडायचं होतंत. तेही केलं नाहीत.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. सरस तापला की कुणी बघत नाही ना, हे पाहून मी दोन बोटं बुडवतो, तुमच्यासारखीच. लोकांना मात्र अजून जुनीच गोष्ट सांगतो.