त्र्यंबकच्या नावानं

ठाणे, गुरुवार, श्रावण, शके १८१६

प्रिय प्रभाकर,

तुझं पत्र काल मिळालं. शनिवारी शेवटची मॅच आहे, येतोस ना, विचारलंयस. त्र्यंबक गेल्याचं कॉलेजात अजून कळलेलं नाही, यादीत त्याचं नाव तसंच आहे, असंही लिहिलंयस. मी दोनदा वाचलं आणि घडी घालून ठेवलं. दमलोय रे. पाय तर दुखतातच, पण नुसते पाय नाहीत.

आषाढात तू घ्यायला आलेलास तेव्हा मला गंमत वाटलेली. कोपरीच्या खाजणातल्या चिखलात चिंध्यांचा चेंडू लाथाडणारे आपण तिघं. तुम्ही दोघं कॉलेजात गेलात, वडील गेल्यावर मी शाळा सोडून कचेरीत उमेदवारीला लागलो. त्र्यंबक तापानं घरी आला, तुम्हाला एक गडी कमी पडला. तू म्हणालास, साहेबाला आपण सगळे सारखेच दिसतो, त्र्यंबक म्हणून चल. चार शनिवार चाललं. कचेरीत शिरस्तेदार विचारायचे, आज कुठली मावशी आजारी? उघड्या पायांनी त्या बूटवाल्यांशी खेळायचं, घरी आलो की कातड्याचा चेंडू शिवला म्हणून आई आधी विहिरीवर पाठवायची.

रविवारी टेंभी नाक्याला त्र्यंबककडे जायचो. तो उशीला टेकून विचारायचा, काल मी कसा खेळलो? सांगायला लागलो की मध्येच, माझ्या नावानं असा चेंडू घालवतोस होय रे गाढवा. दोन गोल झाले त्या वेळी पेपरात त्याचं नाव आलेलं. तात्यांनी लेकाचं नाव मोठ्यानं वाचलं. काकूंनी शिरा केला. त्याला घास उतरत नव्हता, म्हणून माझ्यापुढे ठेवला. गोल त्याचे, शिरा माझ्या पोटात, असं म्हणून तो हसला आणि मग बराच वेळ खोकत राहिला. मी शिरा खाल्ला. गोड लागला नाही.

आज त्याचा दहावा होता. खाडीवर पिंड ठेवला. कावळा समोरच्या भिंतीवर बसून बघत होता, खाली येईना. त्याचे मामा म्हणाले, तुझ्या बहिणीचं लग्न आम्ही करू. नाही आला. तात्या म्हणाले, तुझ्या आईला जपेन. तरी नाही. मग तात्या माझ्याकडे वळले. मधु, त्याला काय हवं होतं तुला ठाऊक आहे, तू बोल. सगळे बघायला लागले. काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. शनिवारी तुझ्या नावानं खेळतो, एवढंच. पण तेव्हाच मला तो पेपर आठवला. ते दोन गोल माझे होते, प्रभाकर. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं. परतताना तात्यांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, जाऊ दे, तू पहिल्यापासून अबोल. त्यांना वाटलं, मी लाजलो. मी लाजलो नव्हतो.

हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहितोय. शनिवारी दुपारच्या गाडीनं येतो. यादीत नाव त्याचंच राहू दे, घाटावर बोललो नाही ते तिथे करतो. नंतर मात्र मला बोलावू नकोस, आणि कॉलेजात तो गेल्याचं सांगून टाक. एकच मागतो. मैदानात तुम्ही सगळे मला त्र्यंबक अशी हाक मारता. या वेळी चेंडू माझ्याकडे देताना तू एकदा मधु म्हण. हळू म्हणालास तरी मला ऐकू येईल.

तुझाच,
मधु